काजू, बिब्बा व आंब्याचा चीक : त्वचेला होणारा त्रास, प्रतिबंध व उपचार



फवारणी करताना अंगावर औषध उडू नये म्हणून आपण आता बऱ्यापैकी काळजी घेतो. परंतु आपल्याच बागेतील व बांधावरील काही झाडांचा चीक त्वचेला तितकाच घातक असतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. कोकणात काजू आणि आंबा, तर विदर्भ, मराठवाडा व घाटमाथ्यावर बिब्बा या झाडांशी आपला रोजचा संबंध येतो. यांचा चीक अंगावर ‘उतला’ म्हणजे खाज, सूज, पाण्याने भरलेले फोड आणि पंधरा-पंधरा दिवस कामाचा खाडा ठरलेला. हंगामात मजूर मिळत नसताना घरातील कर्ती बाई हात सुजून बसली, तर नुकसान केवढे होते हे वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतः घेतला आहे. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मार्च महिन्यात एका मित्राच्या घरी ओले काजूगर सोलायला बसलो. दोन तास काम केले, हात नुसत्या पाण्याने धुतले आणि जेवलो. त्या दिवशी काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, पापण्या सुजलेल्या आणि बोटांच्या बेचक्यांत फोड. आदल्या दिवशी प्रक्षेत्रावर फवारणी झाली होती, म्हणून सर्वांनी दोष कीटकनाशकाला दिला. खरे कारण डॉक्टरांनी विचारपूस केल्यावर लक्षात आले. चीक लागतो आज आणि पुरळ उठते परवा. यामुळेच कारण सापडत नाही आणि जेव्हा उपाय करायचा ती वेळ हातची निघून जाते.

हा त्रास का होतो?

काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच आम्रकुलातील आहेत. या कुलातील अनेक झाडांच्या चिकात तेलासारखे चिकट, फिनॉल वर्गातील पदार्थ असतात. काजूच्या टरफलातील तेलात ॲनाकार्डिक आम्ल व कार्डोल, बिब्ब्यात भिलावनॉल, तर आंब्याच्या चिकात त्यांच्याशी मिळतीजुळती द्रव्ये आढळतात. अमेरिकेत रानोमाळ आढळणारी ‘पॉयझन आयव्ही’ ही कुप्रसिद्ध विषारी वेल याच कुलातील असून तिच्यातील द्रव्याला उरुशिऑल म्हणतात. या सर्व पदार्थांची रासायनिक ठेवण सारखी असल्याने एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. १९८२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टरफलाचे तुकडे मिसळलेले काजू खाण्यात आल्याने पन्नासहून अधिक लोकांच्या अंगावर पुरळ उठले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना तर धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने घातलेल्या खुणेच्या जागीच फोड आले होते.

त्रास दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार म्हणजे प्रत्यक्ष भाजणे. काजूच्या टरफलाचे तेल व बिब्ब्याचा रस दाहक असल्याने ते कोणाचीही त्वचा जाळतात, काळी पाडतात. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. चीक त्वचेत मुरून तेथील प्रथिनांना चिकटतो आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याला शत्रू समजू लागतात. ही ओळख पटण्यास पहिल्या वेळी साधारण एक ते तीन आठवडे लागतात. नंतर मात्र पुन्हा थोडासा जरी चीक लागला, तरी बहुधा अर्ध्या ते तीन दिवसांत पुरळ उठते. म्हणूनच ‘इतकी वर्षे काजू सोलतो, मला कधी झाले नाही’ असे म्हणणाऱ्यालाही पुढे कधीतरी त्रास होऊ शकतो.

चीक कोणत्या कामात लागतो?

१) ओले काजूगर काढणे : हिरवी बी कापताच टरफलातून चीक उडतो. बोटे, नखांच्या कडा, मनगट आणि घाम पुसताना चेहरा यांना तो लागतो.

२) काजू बी भाजणे व फोडणे : टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असून त्यात हे तेल भरलेले असते. बी भाजताना तेल उडते, पेट घेते व झोंबणारा धूर होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुले अंगणात पत्र्यावर बिया भाजतात, हे अत्यंत धोक्याचे आहे. वाफवलेल्या बिया कटरवर फोडताना उडण्याचा धोका कमी असला तरी टरफलात तेल शिल्लक असतेच.

३) बिब्बे गोळा करणे व गोडंबी काढणे : थंडीत डिंकाच्या लाडवात आवडीने घातली जाणारी गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतील गर. ती काढताना बिब्बे फोडावे लागतात व काळा रस हातावर, तोंडावर उडतो. हे काम बहुतांशी भगिनीच करतात आणि त्यांचे हात कायमचे काळवंडतात.

४) आंब्याची काढणी : देठ तुटताच चीक पिचकारीसारखा उडतो. फळावर पडल्यास फळ डागळते, माणसाच्या मानेवर, हातावर पडल्यास पुरळ उठते. कैरी दाताने सोलून खाणाऱ्या मुलांच्या ओठांच्या कडेला फोड येतात ते यामुळेच.

५) रान साफ करणे व सरपण : फांद्या तोडताना कोयता, कुऱ्हाड व दोर यांना चीक लागतो. तो वाळला तरी निरुपद्रवी होत नाही. न धुतलेल्या अवजारांवर व कपड्यांवर तो कित्येक महिने टिकून राहू शकतो.

कामापूर्वी घ्यावयाची काळजी

- पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला व मानेला फडके आणि पायात बूट किंवा जाड चपला वापराव्यात.
- हातात जाड नायट्राईल किंवा प्लास्टिकचे मोजे घालावेत. दवाखान्यात वापरतात तसल्या पातळ रबरी मोज्यांवर विसंबू नये; असे तेल त्यातून आरपार जाऊ शकते. आतून सुती मोजे घातल्यास घामाचा त्रास कमी होतो.
- मोजे घालणे शक्य नसेल तर हातांना एरंडेल तेलाचा थर देऊन वर चुलीची चाळलेली राख लावावी. काजू फोडणाऱ्या भगिनी हा उपाय पूर्वीपासून करतात. थर पुसला गेला की पुन्हा लावावा.
- बी फोडताना चष्मा वापरावा. डोळ्यात उडालेला थेंब फार महागात पडतो.
- आंबा देठ राखून काढावा. कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन झेल्या’ने देठासह फळ काढता येते, त्यामुळे माणूस व फळ दोन्ही चिकापासून वाचतात.
- काजू-बिब्ब्याची टरफले व फांद्या चुलीत किंवा शेकोटीत जाळू नयेत. धुराबरोबर हे पदार्थ डोळ्यांत व फुप्फुसांत जातात.
- कामाच्या जागी पाण्याची बादली, साबण व जुने फडके आधीच ठेवावे. पुढील सर्व उपचार या तीन वस्तूंवर अवलंबून आहेत.

चीक लागताच काय करावे?

येथे घड्याळाला महत्त्व आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतल्यास चिकाचा बराच भाग निघून जातो. तासाभरानंतर धुतल्याचा त्वचेला फारसा उपयोग होत नाही. तरीही धुवावे, म्हणजे उरलेला चीक डोळ्यांना, मुलांना किंवा अंथरुणाला लागत नाही.

१) प्रथम कोरड्या फडक्याने चीक टिपून घ्यावा, चोळू नये. ते फडके पुन्हा वापरू नये.

२) भरपूर थंड पाणी व साबण घेऊन, ओल्या फडक्याने हलके घासत धुवावे. हा पदार्थ तेलकट असल्याने नुसते पाणी उपयोगाचे नाही. दोन-तीन वेळा साबण लावावा. नखांखालची जागा विसरू नये.

३) डोळ्यात उडाल्यास चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा व लगेच डॉक्टरांकडे जावे.

४) कपडे वेगळे काढून साबणाच्या पाण्यात धुवावेत. कोयता, झेला, दोर, चपलाही मोजे घालूनच धुवाव्यात.

रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने हात धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. त्याने त्वचेचे नैसर्गिक संरक्षण जाते व चीक अधिक खोल मुरतो. चीक लागल्यावर खोबरेल तेल लावायचे असल्यास ते लगेच पुसून साबणाने धुवावे. नुसते तेल चोळत बसल्यास चीक पसरतो.

पुरळ उठल्यानंतर उपचार

पुरळ साधारणतः एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरे होते. या काळात खाज कमी ठेवणे व जखम चिघळू न देणे, हे आपले काम.

- स्वच्छ फडके थंड पाण्यात भिजवून, पिळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे.
- फोड न फुटलेल्या जागी कॅलामाईन लोशन लावावे.
- फोड फोडू नयेत. आपोआप फुटल्यास साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कोरडे फडके सैल बांधावे. नखे कापून ठेवावीत.
- खाजेच्या गोळ्यांनी रात्री झोप लागण्यास मदत होते, मात्र पुरळ त्याने जात नाही. झोप आणणारी गोळी घेऊन मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये.
- स्टेरॉईडयुक्त मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. दुकानातून परस्पर आणलेली जोरदार मिश्र मलमे चेहऱ्यावर लावून त्वचा कायमची खराब झाल्याची उदाहरणे आहेत.
- बरे झाल्यावर राहणारे काळे डाग काही महिन्यांत फिकट होतात. तोवर ती जागा उन्हापासून झाकावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चेहरा, डोळे, तोंड किंवा गुप्तांगावर सूज आल्यास. अंगाच्या मोठ्या भागावर पुरळ उठल्यास. फोडांत पू होऊन ताप आल्यास विलंब करू नये. चीक पोटात गेल्यास, धूर नाकातोंडात जाऊन श्वास घेण्यास त्रास झाल्यास, किंवा बिब्ब्यानंतर लघवी कमी अथवा गडद रंगाची होऊ लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. जाताना ‘परवा काजू सोलले होते’, ‘बिब्बे फोडले होते’ हे आवर्जून सांगावे. वेळीच दिलेल्या गोळ्यांनी तीव्र त्रासही आटोक्यात येतो. मात्र डॉक्टरांनी दोन-तीन आठवड्यांचा, हळूहळू कमी होत जाणारा डोस दिला असल्यास बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये; पुरळ पुन्हा उसळते.

काही गैरसमज

फोडांतील पाणी लागून पुरळ पसरते, असा सर्वत्र समज आहे. त्यापायी घरातील आजारी बाईला वेगळे बसवले जाते. हे बरोबर नाही. फोडांतील पाण्यात चीक नसतो. एकाचे पुरळ दुसऱ्याला होत नाही. पातळ त्वचेवर पुरळ आधी व जाड त्वचेवर नंतर उठते, म्हणून ते पसरल्यासारखे दिसते. खरोखरच नवीन जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर न धुतलेला कोयता, चप्पल किंवा सदरा शोधावा.

दुसरा गैरसमज बिब्ब्याच्या औषधी गुणांविषयी. आयुर्वेदात भल्लातक वापरतात हे खरे. परंतु तो आधी शुद्ध करून व वैद्याच्या देखरेखीखाली देतात. काटा मोडला, पाय मुरगळला, टाचेला भेग पडली की घरीच बिब्बा तापवून चटका देण्याची पद्धत आहे; तिच्यामुळे खोल जखमा होतात. लहान मुले व मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करू नये. दोन माणसांत वितुष्ट आणणाऱ्याला ‘बिब्बा घातला’ असे आपले पूर्वज म्हणत, ते बिब्ब्याचा गुण पुरता ओळखूनच.

ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत, त्यांनी तेथील पॉयझन आयव्हीची माहिती त्यांना अवश्य द्यावी. एका देठावर तीन पाने असलेली वेल अथवा झुडूप दिसल्यास हात लावू नये. धुण्याचे व उपचाराचे नियम वर दिले आहेत तेच.

काजू व आंबा ही आपली नगदी पिके आहेत आणि गोडंबीने अनेक घरांची चूल पेटते. तेव्हा ही झाडे टाळणे शक्य नाही व त्याची गरजही नाही. बागेत जाताना कोयत्याबरोबर साबणाची वडी व पाण्याची कळशी न्यावी आणि चीक लागताच, काही होत नसले तरी, हात धुवावेत. मजूर लावले असल्यास त्यांच्यासाठीही ही सोय मालकाने करावी. पाच मिनिटांच्या या सवयीने पंधरा दिवसांचा खाडा आणि डॉक्टरांचा खर्च दोन्ही वाचतील.