नाव एम.फिल., काम उमेदवारीचं

"काका, नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय?"

मनोरुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न कानावर पडला, तर नवख्या माणसाला वाटेल की इथे मराठीचा तास चालू आहे. समोरचे काका कधी हसून नेमका अर्थ सांगतात. कधी गंभीरपणे म्हणतात, "अंगण सारवून घ्यायला पाहिजे." टेबलापलीकडची मुलगी काही न बोलता ते उत्तर जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. पुढचा प्रश्न असतो शंभरातून सात वजा करण्याचा, मग उरलेल्यातून पुन्हा सात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला विसातून एक-एक वजा करायला सांगतात. आज वार कोणता, आपण बसलोय ते ठिकाण कोणतं, इथे कोणी आणलं, हेही विचारून होतं.

म्हणीचा भावार्थ न सांगता शब्दशः अर्थ सांगणं हे विचारांत काही बिघडल्याचं लक्षण असू शकतं. पण त्या माणसाच्या घरी कोरकू बोलत असतील आणि ही म्हण त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असेल, तर त्या उत्तराला काडीची किंमत नाही. आजार कुठला आणि अनोळखीपणा कुठला, हे पुस्तकात वाचून कळत नाही. अशी शेकडो उत्तरं ऐकावी लागतात आणि आपण काढलेला निष्कर्ष खोडून काढणारं कोणीतरी शेजारी असावं लागतं. भारतात गेली जवळजवळ सत्तर वर्षं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तयार झाले ते असे. या शिक्षणाची पदवी होती एम.फिल. इन क्लिनिकल सायकॉलॉजी. नाव संशोधनाचं, काम उमेदवारीचं. या नावानेच पुढे घात केला.

सुरुवात बंगळुरूची. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. समितीसाठी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली होती रांचीच्या रुग्णालयाचे अधीक्षक मूर टेलर यांनी. खाटा कमी होत्याच, पण शिकलेली माणसं त्याहून कमी होती. त्यातून १९५४ साली बंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच १९७४ साली शेजारच्या मनोरुग्णालयात मिळून निम्हान्स झाली. १९५५पासून तिथे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांची पदविका सुरू झाली. १९१८ साली युरोपीय रुग्णांसाठी उघडलेल्या रांचीच्या रुग्णालयातही, म्हणजे आजच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत, १९६२पासून असंच शिक्षण मिळू लागलं. पुढे या पदविकेचं नामकरण एम.फिल. असं झालं. विद्यापीठाच्या कोष्टकात एम.ए.च्या वर आणि पीएच.डी.च्या खाली तेवढा एकच कप्पा रिकामा होता, म्हणून बहुधा.

प्रत्यक्षात ती डॉक्टरांच्या रेसिडेन्सीची धाकटी बहीण. एम.ए.ला निदान पंचावन्न टक्के, मग प्रवेश परीक्षा, मुलाखत, आणि एकेका संस्थेत फार तर डझन-दोन डझन जागा. सरकारी संस्थेत विद्यावेतन मिळतं, खासगी ठिकाणी शुल्क लाखांत जातं. पहिलं वर्ष मुख्यतः तपासणीचं, दुसरं उपचारांचं. मनोविकारशास्त्र, संख्याशास्त्र, मेंदू आणि वर्तन यांचे लेखी पेपर असतातच, पण जीव काढतात त्या फाइली. पहिल्या वर्षी पाच संपूर्ण निदान-अहवाल, दुसऱ्या वर्षी थेरपीच्या पाच संपूर्ण नोंदी, शिवाय प्रबंध. दहा फाइली म्हणजे काहीच नाही, असं बाहेरच्याला वाटतं. एका 'वर्क-अप'साठी, म्हणजे अशा एका संपूर्ण अहवालासाठी, रुग्णाशी, त्याच्या आईशी, बायकोशी वेगवेगळं बोलावं लागतं. त्यांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. मग चाचण्या, मग लेखन, मग सुपरव्हायजरची लाल शाई. "तिला नैराश्य आहे हे तू लिहिलंस. ती काय म्हणाली ते कुठे आहे?" असा शेरा आला की फाइल परत.

ती काय म्हणाली, हेच अवघड असतं. मराठी बाई "मला नैराश्य आलंय" असं सहसा म्हणत नाही. तिचा जीव घाबरा होतो, हातपाय गळतात, डोक्यात मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. नवऱ्याच्या मते तिला "बाहेरचं" झालेलं असतं. यातला प्रत्येक शब्द तसाच कागदावर यायला हवा. त्याचं इंग्रजी करण्याची घाई झाली की निम्मी केस तिथेच हातची जाते. पुण्याची मुलगी रांचीला शिकायला गेली तर तिला हे सगळं हिंदीत, कधी संथाळीच्या दुभाष्यामार्फत, नव्याने शिकावं लागतं. नाचता येईना ही म्हण तिथे काहीच कामाची नसते.

चाचण्यांच्या पेटीत मात्र महाराष्ट्राला ओळखीची माणसं भेटतात. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडमध्ये, बुद्धिमत्ता मोजणारी बिने चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. ती आजही 'बिने-कामत' म्हणून वापरात आहे. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलरची मुलांसाठीची चाचणी १९६९ साली भारतीय केली. सामाजिक परिपक्वता मोजणारी व्हाइनलँड श्रेणीही त्यांनीच इथल्या घरांना लागू पडेल अशी केली. मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र हवं म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आईबापांना ही नावं ठाऊक नसतात, पण त्यांच्या हातातल्या कागदावरचा आकडा बऱ्याचदा यांच्यापैकी एकाच्या चाचणीतून आलेला असतो.

आणि इथे एक गोची आहे. बुद्ध्यंक-चाचणीची मानकं जुनी झाली की आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. सत्तरच्या खाली मतिमंदत्व धरलं, तर चारदोन गुणांच्या फुगवट्याने मूल रेषेच्या वर जातं आणि त्याची सवलत जाते. म्हणून जाणती सुपरव्हायजर आकड्यावर थांबत नाही. बटणं लावता येतात का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतो का, एकट्याने रस्ता ओलांडतो का, असं विचारत बसते. चाचणी घेणं महिन्याभरात शिकता येतं. आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे शिकायला दोन वर्षं लागतात.

या व्यवसायावर देखरेख आहे भारतीय पुनर्वास परिषदेची, १९९२च्या कायद्याने आलेली. अभ्यासक्रम तिने मान्य केलेला असावा लागतो आणि उत्तीर्ण झालेल्याला तिच्या नोंदवहीत क्रमांक मिळतो. म्हणूनच नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. समुपदेशकाचं काम करता येतं, आणि ते काम लहान नाही, पण पाटी वेगळी. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार दोघांनाही नाही, तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. आपल्याकडे तिघांनाही सरसकट 'मानसोपचारवाले' म्हणतात आणि चुकीच्या दारात रांग लावतात.

मग नोव्हेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे नवे नियम काढले आणि एम.फिल. बंद केलं. इतर विषयांत फार कोणी रडलं नाही. पीएच.डी.च्या उंबऱ्यावर दोन वर्षं बसवून ठेवण्याखेरीज त्या पदवीचा बऱ्याच ठिकाणी उपयोग उरला नव्हता. पण त्याच कुऱ्हाडीखाली रुग्णालयातली ही उमेदवारीही आली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असे शब्द चक्क लिहिलेले आहेत. एका कायद्याला हवी असलेली पदवी दुसऱ्या नियमाने रद्द झाली! त्या व्याख्येत परिषदेने मान्य केलेल्या इतर पात्रतेलाही जागा आहे, एवढाच काय तो दिलासा. आरडाओरड झाल्यावर आयोगाने चिकित्सा मानसशास्त्र आणि मनश्चिकित्सा समाजकार्य या दोन विषयांपुरतं एम.फिल. २०२५-२६पर्यंत चालू ठेवायला मुभा दिली.

दरम्यान परिषदेने नवी शिडी मांडली. बारावीनंतर चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं स्वतंत्र एम.ए., आणि वरच्या टोकाला साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांसाठी आरोग्यसेवा व्यवसायांचा नवा राष्ट्रीय आयोग २०२१च्या कायद्याने आला. त्यामागोमाग २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ पद्धतीने शिकवणं बंद करण्याचा आदेश निघाला. नोकरी सांभाळून, दुपारच्या वेळात पुस्तकं वाचून एम.ए. करणाऱ्या असंख्य बायकांना तो जड गेला असणार. आदेशामागचं कारण मात्र मला पटतं. माणूस समोर न बसवता हे काम शिकवता येत नाही.

नव्या शिडीबद्दल माझी शंका वेगळी आहे. अठरा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या पदवीत बसवणं सोपं आहे. त्याच्या शेजारी बसणारी अनुभवी माणसं आणायची कुठून? एम.फिल.च्या जागा कमी होत्या, कारण वॉर्ड आणि सुपरव्हायजर कमी होते. पदवीचं नाव बदलल्याने ते वाढत नाहीत. जुनी पद्धत सोवळी होती असंही नाही. सुपरव्हायजर चांगला मिळणं हा नशिबाचा भाग असे, आणि फाइल परत करण्यात शिकवण्यापेक्षा अधिकार गाजवण्याची हौस असणारेही असत. गरज तर अफाट आहे. निम्हान्सने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली (महाराष्ट्र त्यांत नव्हता). प्रौढांपैकी साधारण दहा टक्क्यांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं.

गोव्यात १९९६पासून काम करणाऱ्या 'संगात' या संस्थेने याच कोंडीला दुसरीकडून हात घातला. मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत कसं बोलायचं, एवढंच नेमकं शिकवलं. उपयोग होतो हे चाचण्यांतून दिसलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापूनही आलं. पदवीवाले यावर नाक मुरडतात, पदवीविरोधक टाळ्या वाजवतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. हे समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण करून आणत, ते गटात बसून ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. म्हणजे दोन वर्षांचे काही आठवडे केले, पण कोणीतरी ऐकतंय ही सोय त्यांनीही सोडली नाही.

एम.फिल.ची शेवटची तोंडी परीक्षा झाली की दहा फाइली कपाटात जातात आणि हातात नोंदणी क्रमांक येतो. मग कुठल्या तरी तालुक्याच्या गावी, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बिने-कामतची पेटी. पहिल्याच आठवड्यात अशी एखादी बाई येते, जिची हकिगत कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती गेल्यावर दार लोटून घेऊन फोन लावला जातो.

"मॅडम, एक केस आहे. पाच मिनिटं आहेत का?"