डी ड्राइव्ह गायब झाली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

सेकंड हँड लॅपटॉप आता गावाकडेही बऱ्याच घरांत आलेत. त्यावर पोरं विंडोजच्या जोडीला उबंटू टाकतात, कुणी कोडिंग शिकायला, तर कुणी जुनं मशीन जरा हलकं चालावं म्हणून. एकाच मशीनवर अशा दोन सिस्टीम ठेवल्या की त्याला ड्युअल बूट म्हणतात. घोळ होतो तो यातली एक सिस्टीम काढताना, नाहीतर विंडोज नव्याने टाकताना. चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की डी ड्राइव्ह दिसेनाशी होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याचं असंच झालं. लग्नसराईचे सगळे फोटो त्यात, अल्बम द्यायचे बाकी. रिपेअरवाला म्हणाला, "डेटा गेला, फॉरमॅट मारून देतो." यानं मारू दिलं नाही, म्हणून पुढं बहुतेक फोटो परत मिळाले.

हे कसं होतं ते सातबाऱ्यावरून लगेच कळेल. सातबाऱ्यावरची नोंद उडाली म्हणून जमीन कुठं जात नाही, बांध आणि हद्दीचे दगड जागेवरच असतात. डिस्कचंही तसंच आहे. कुठला हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद पार्टिशन टेबलमध्ये असते. जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते, त्यातही चार हिश्श्यांना मिळून फक्त ६४ बाइट. पार्टिशन डिलीट केली की एवढी नोंद पुसली जाते, आतल्या फाइली साध्या हार्ड डिस्कवर तशाच पडून असतात. नव्या मशीनवर जीपीटी पद्धत असते, तिची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. पण आपणच डिलीट दाबलं तर दोन्हीकडची नोंद जाते.

म्हणून पहिलं काम म्हणजे मशीन बंद करा. त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर टाकू नका. मोकळ्या दिसणाऱ्या रानात दुसऱ्याने नांगर घातला की मग बांध सापडत नाही.

आणि खरंच काही गेलंय का, तेही आधी बघा. विंडोजला उबंटूची पार्टिशन वाचता येत नाही. ती कधी "फॉरमॅट करा" असं विचारते, तिथं सरळ कॅन्सल करायचं. उलट बाजूनं, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर उबंटूत विंडोजची ड्राइव्ह नीट उघडत नाही. तेव्हा विंडोजमध्ये शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि शट डाउन करायचं. बरेच लोक एवढ्यावरच घाबरून दुकान गाठतात.

खरोखर डिलीट झाली असेल तर टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम आहे. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो बनवलाय आणि तो पूर्ण फुकट आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून घ्या, त्यावरून आपलं मशीन चालू करा, 'ट्राय उबंटू' निवडा. इन्स्टॉल दाबायचं नाही. मोबाइलचं नेट जोडून टेस्टडिस्क टाकून घ्या. हे सगळं पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कला हात लागत नाही.

टेस्टडिस्क उघडल्यावर डिस्कची यादी येते. पेनड्राइव्हही त्यातच दिसतो, म्हणून जीबीचा आकडा बघूनच आपली डिस्क निवडा. टेबलचा प्रकार तो स्वतःच सुचवतो, तोच ठेवा. मग ॲनालाइज आणि क्विक सर्च. आता तो हद्दीचे दगड शोधत फिरतो, म्हणजे प्रत्येक पार्टिशनच्या सुरुवातीची खूण. हरवलेली पार्टिशन यादीत आली की तिच्यावर जाऊन पी दाबा. आतल्या फाइली, फोल्डर दिसले की जीव भांड्यात पडतो. पण लगेच राइट दाबू नका. महत्त्वाच्या फाइली सी बटणाने आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. क्विक सर्चला काही मिळालं नाही तर डीपर सर्च करा, त्याला कित्येक तास लागू शकतात. लाइट जाणार असेल तर चार्जिंगचा विचार आधीच करा. सगळ्या पार्टिशन यादीत बरोबर दिसल्या, तरच राइट दाबायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. एखादी कमी असताना राइट दाबलं तर तिची उरलेली नोंदही जाईल.

एसएसडीचं मात्र वेगळं आहे. डिलीट किंवा फॉरमॅट झाल्यावर विंडोज तिला "ही जागा मोकळी" असं कळवते आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. तिथं आशा कमीच. बिटलॉकर चालू असेल तर पार्टिशन सापडूनही ४८ आकडी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, तिथं बघा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, जाणकाराकडे द्या.

पार्टिशन जागेवर आली तरी चालू करताना काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असं येऊ शकतं. उबंटू काढून टाकल्यावर जुन्या मशीनवर हे हमखास होतं. तो बिघाड सिस्टीम चालू करणाऱ्या भागाचा आहे, फाइलींचा नाही. नव्या मशीनवर एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून, कंपनीप्रमाणे बटण बदलतं, विंडोज बूट मॅनेजर निवडून बघा. जमलं नाही तर एवढं काम दुकानात द्यायला हरकत नाही, फक्त लॅपटॉप हातात देतानाच "फॉरमॅट करायचं नाही" हे बजावून सांगा.