नष्ट व्हावयाचे ‘हॅम्लेट’

नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो, ही रंगभूमीची थोरवी समजावी की तिचे दुर्दैव, हा वाद जुना आहे. १९६४ साली अमेरिकेत त्याचा निकाल एका कराराने लावण्याचा प्रयत्न झाला. जॉन गिलगुड यांनी बसविलेले व रिचर्ड बर्टन यांनी गाजविलेले ‘हॅम्लेट’ न्यूयॉर्कच्या लंट-फाँटेन नाट्यगृहात चालू असताना प्रेक्षकांसमक्ष चित्रित करण्यात आले. २३ व २४ सप्टेंबरला देशभरातील सुमारे एक हजार चित्रपटगृहांत त्याचे चार खेळ व्हावयाचे आणि नंतर सर्व प्रती नष्ट करावयाच्या, असे ठरले होते. नाट्यकलेच्या क्षणभंगुरतेला दिलेली ही मानवंदना होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ‘आज नाही तर कधीच नाही’ या व्यापारी आरोळीचाही त्यात मोठा वाटा होता.

मूळ प्रयोगही वेगळ्या धाटणीचा होता. भरजरी पोशाखांखाली शब्द गुदमरतात, म्हणून गिलगुड यांनी नाटक शेवटच्या तालमीच्या स्वरूपात मांडले. नट नित्याच्या कपड्यांत, बर्टन साध्या काळ्या स्वेटरमध्ये. पित्याचे भूत म्हणजे भिंतीवरची प्रचंड सावली आणि खुद्द गिलगुड यांचा आवाज. ब्रॉडवेवर त्याचे १३७ प्रयोग झाले. अर्थात, बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांचा विवाह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला असल्याने नाट्यगृहाबाहेर लोटणारी सगळीच गर्दी शेक्सपिअरच्या ओढीने येत होती, असे नव्हे.

चित्रीकरणाच्या इलेक्ट्रॉनिक तंत्रास जादा प्रकाशाची गरज नव्हती. परिणामी चित्र अंधुक व भरड आले. शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला बर्टन यांचा आवाज पडद्यावरील समीपदृश्यात अंगावर येतो. प्रेक्षकांचे हसणे, खोकणे मधूनच ऐकू येते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या चित्रपटाशेजारी हे सारे ओबडधोबड वाटते. तेथे कॅमेरा किल्ल्याच्या जिन्यांवरून फिरतो, स्वगतांचा बराच भाग ओठ न हलविता मनातल्या मनात उमटतो, आणि रोझेनक्रान्ट्झ व गिल्डनस्टर्न ही पात्रे तर गाळलेलीच आहेत. तो उत्तम चित्रपट आहे, पण नाटकाचा प्रयोग नव्हे. बर्टन यांच्या चित्रफितीत नट आणि प्रेक्षक यांच्यातील देवाणघेवाण शाबूत राहते. ह्यूम क्रोनिन यांचा पोलोनिअस हशा कोठे वसूल करतो आणि तो ओसरेपर्यंत किती थांबतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तांत्रिक दोष म्हणून ज्यांकडे बोट दाखविले जाते, त्यांतले निम्मे तरी या फितीचे भूषण आहेत.

अशा चित्रणाने रंगभूमीचे सत्त्व हरपते, ही भीती म्हणूनच पटत नाही. फीत पाहून कोणी नाटक पाहिल्याचे समाधान मानील, असे नाही. पण ती नसल्यास मागे केवळ आख्यायिका उरतात. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत आणले व गणपतराव जोशी यांनी ती भूमिका अजरामर केली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती नेमकी कशी केली, स्वगतात ते कोठे थबकत, हे मात्र पाहून सांगणारा आज कोणी नाही.

बर्टन यांचे ‘हॅम्लेट’ वाचले ते अपघाताने. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या घरीच एक प्रत सापडली व पुढे ती लोकांसमोर आली. तालमींचा वृत्तान्त वाचला तो एका नटाच्या आगळिकीमुळे: रिचर्ड स्टर्न या दुय्यम नटाने ध्वनिमुद्रण यंत्र लपवून नेऊन गिलगुड यांच्या सूचना टिपल्या होत्या, १९६७ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. याच तालमींवर जॅक थॉर्न यांनी लिहिलेले नाटक २०२३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले आणि २०२४ मध्ये त्याचेही चित्रण चित्रपटगृहांतून दाखविले गेले.