घाटाखालचा वेग

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्याचं वर्णन दोन शब्दांत होतं: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं बुलढाणा शहर वऱ्हाडातलं थंड ठिकाण मानलं जातं. तिथून पूर्णेच्या खोऱ्यात उतरलं, की मलकापूर-नांदुऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. गेमचं चित्र कन्सोलवर चांगलं की गेमिंग पीसीवर, या वादात हा घाट कुणी धरत नाही. चाचण्या बहुधा गार खोल्यांत होतात आणि तिथले आकडे जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोचतात. मला वाटतं, खोलीचं तापमान धरल्याशिवाय ही तुलना अपुरी आहे.

वाद सुरू होतो तो टेराफ्लॉप्सवरून, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्यावरून. प्लेस्टेशन ५ चा आकडा १०.२८, एक्सबॉक्स सिरीज एक्सचा १२.१५, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाचा सुमारे १२.७. पण या आकड्यावर फार विसंबता येत नाही. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय १३.४ चं आणि २०२० चं ३०७० तब्बल २०.३ चं, तरी बहुतेक गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत चालतात. कागदावरची गणितं प्रत्यक्ष चित्राच्या कामी किती येतात, हे चिपची रचना आणि मेमरीचा वेग ठरवतात. खेळणाऱ्याला जाणवतो तो वेळ. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. मध्येच एखादीला ४० लागले, तर सरासरी साठाच्या जवळ राहूनही हाताला हिसका बसतो. म्हणून सरासरीइतकंच सर्वांत संथ फ्रेमकडेही पाहायला हवं.

इथे उष्णता आडवी येते. चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. हवाच तापलेली असेल, तर चिपही तेवढीच वर चढते. समजा २५ अंशांच्या खोलीत एक कार्ड ६६ अंशांवर स्थिरावलं. पंख्याचा वेग आणि विजेचा वापर तेवढाच ठेवला, तर ४२ अंशांच्या खोलीत ते ८३ च्या आसपास जाईल. एनव्हिडियाची कार्डं तापमान पाहून आपला वेग साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवत जातात. तोच पीसी घाटावर एक वेग देतो, घाटाखाली दुसरा.

कन्सोलची घडण वेगळी आहे. सिरीज एक्सच्या ग्राफिक्स चिपचा वेग १८२५ मेगाहर्ट्झवर बांधलेला आहे. प्लेस्टेशन ५ चा वेग बदलतो, पण तो थर्मामीटर पाहून नव्हे. त्याचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं, की चिप किती आणि कसलं काम करते आहे यावरून वेग ठरतो, म्हणजे प्रत्येक यंत्र कुठल्याही खोलीत सारखंच वागतं. गेम बनवणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. दृश्यात किती सावल्या, किती गवत ठेवायचं, हे तो एका ठरलेल्या वेगाला धरून बसवतो.

यावर पहिला आक्षेप असा, की पायऱ्या लहान असल्याने घट थोड्याच टक्क्यांची असते. हवा नीट खेळणाऱ्या कॅबिनेटमध्ये हे खरं आहे, आणि आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड थोडं मंदावलं तरी कन्सोलच्या कितीतरी पुढे राहील. मात्र ते कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतं. बंद खोलीत तो एक हीटरच झाला. माझा मुद्दा बरोबरीच्या यंत्रांचा आहे. तिथे थोडे टक्केही १६.७ ची मर्यादा ओलांडायला पुरतात आणि लॅपटॉपच्या चपट्या पेटीत ते वाढतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कन्सोलही निसर्गनियमांतून सुटलेला नाही. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंशांची मर्यादा दिली आहे, आणि मलकापूरची मे महिन्यातली दुपार तिच्या बाहेरची. तिथे कन्सोल आपला वेग शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि फारच तापला तर सूचना देऊन थांबतो. पीसी हळूहळू उतरतो, आणि त्याला उपायही आहेत: फ्रेम साठावर रोखता येतात, विजेची मर्यादा खाली आणता येते. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी फार वीज जाते आणि तेवढाच वेग सोडला की बरीच उष्णता वाचते.

कूलरचा उपयोग दोन्ही यंत्रांना होतो. मे महिन्यातली कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते आणि खोली काही अंशांनी उतरते, पण खिडकी उघडी हवी. ती बंद राहिली तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि यंत्रातून निघालेली उष्णता खोलीतच साचते. कूलरचे तुषार मात्र यंत्राच्या झडपांवर पडू देऊ नयेत.