एकाच वायरला हात लावला, तरी करंट का लागतो?



मागच्या गणपतीत आमच्या उमरखेडमधला नववीचा एक विद्यार्थी घरचा बंद पडलेला अॅम्प्लिफायर खोलून बसला. प्लग लावलेला, फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. जोरात झटका बसला. आईने लगेच मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. शाळेत आल्यावर त्याने विचारलं, "सर, मी तर एकाच वायरला हात लावला होता. सर्किट पूर्ण व्हायला दोन वायर लागतात ना?"

प्रश्न अगदी योग्य आहे. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठाला जोडून तो वर्गात जरूर घ्यावा.

दुसरी वायर म्हणजे जमीन

आपल्या घरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज येते. गावातल्या डीपीवर न्यूट्रल वायर जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजला हात लागला की धारा शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून परत डीपीकडे जाते. म्हणजे दुसरी वायर त्या मुलाच्या पायाखालीच होती! ओल्या शरीराचा रोध २००० ओहम धरला, तर २३० ÷ २००० = ०.११५ अँपिअर, म्हणजे ११५ मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतो. यावरून धोका किती ते लक्षात येईल.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काय करतो?

दुरुस्तीच्या टेबलावर यासाठी १:१ रोहित्र वापरतात. २३० व्होल्ट आत, २३० व्होल्टच बाहेर. मग फायदा काय? त्याची दोन वेटोळी एकमेकांना वायरने जोडलेली नसतात. ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून जाते. हेच फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. बाहेरच्या दोन्ही वायरींचा जमिनीशी संबंध नसल्याने एका वायरला चुकून हात लागला, तरी परतीचा रस्ताच नसतो.

डिमरस्टॅट वेगळा बरं का!

आपल्या प्रयोगशाळेत गोल मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमरस्टॅट असतो. त्याने जुना अॅम्प्लिफायर शून्यापासून हळूहळू चालू करता येतो. शॉर्ट असेल तर काही जळण्याआधीच कळतं. पण त्यात एकच वेटोळं असतं. मूठ १२ व्होल्टवर असली, तरी वायर उलटी जोडली गेल्यास बाहेरच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या आसपास असू शकतात! म्हणून डिमरस्टॅट एकटा सुरक्षित नाही. तो आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही एकापाठोपाठ जोडावे लागतात. सोबत सिरीजमध्ये जुना पिवळा बल्ब लावला तर आणखी चांगलं. बल्ब पूर्ण पेटून राहिला, म्हणजे पुढे शॉर्ट आहे.

तरीही सावध राहा

- दोन्ही वायरींना एकदम हात लागला, तर आयसोलेशनचा उपयोग शून्य. तिथे आरसीसीबीसुद्धा वाचवत नाही.
- टेस्टरचा दिवा शरीरातून जमिनीत जाणाऱ्या सूक्ष्म धारेवर लागतो. आयसोलेशननंतर तो बहुधा लागणार नाही, पण वीज असतेच! मल्टिमीटरनेच मोजा.
- एका ट्रान्सफॉर्मरवर एकच उपकरण लावा. बाहेरची कोणतीही बाजू अर्थ करू नका.
- टीव्ही, चार्जर यांच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं. प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतं.

आपण काय करावं?

मूल वस्तू खोलून बघतं म्हणून रागावू नका. फक्त घरच्या विजेवरचं काम जाणत्या माणसाचंच, हा नियम पक्का ठेवा. मुलाच्या हातात सेलवर चालणारी खेळणी, टॉर्च, रेडिओ द्या. शिकण्यासारखं त्यातही भरपूर आहे.

आणि वर्गात हा प्रश्न नक्की विचारा: विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला करंट का लागत नाही? आमच्या त्या विद्यार्थ्याने उत्तर सगळ्यात आधी दिलं.