टाळ्या देणारा झाला मुख्य गायक

आषाढी जवळ आली की महाळुंग्यात, चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या टपऱ्यांवर, टेंपोत, कंपनीच्या बसमध्ये गायक प्रल्हाद शिंदे वाजतातच. वारी निघते ते देहू इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून 'पाऊले चालती पंढरीची वाट' तर हमखास! पण हा माणूस आधी कोरसमध्ये गायचा, हे किती जणांना माहीत आहे?

इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते मागे बसून गायचे. कव्वालीतला कोरस सोपा नसतो, बरं का. मुख्य कव्वालानं ओळ टाकली की ती त्याच पट्टीत झेलायची, टाळीचा ठेका सोडायचा नाही, आणि तो दम घेत असेल तेवढा वेळ मैफल पडू द्यायची नाही. तेही रात्र रात्र. पुढे ते स्वतः मुख्य गायक झाले. भक्तिगीतांत त्यांचा आवाज एकदम वर चढतो, तो मला तरी त्याच तालमीतला वाटतो.

एकाच गळ्यातून भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी, दोन्ही तितकीच पोटातून. 2004 मध्ये ते गेले. मुलं आनंद-मिलिंद, नातू आदर्श गातात. तरी 'तूच सुखकर्ता' गणपतीच्या मंडपात आजोबांच्याच आवाजात हवं!

आज इअरफोन लावून 'पाऊले चालती' ऐका आणि फक्त मागच्या कोरसकडे लक्ष द्या.