लेकरू आजारी, आईबापाची तंबाखू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातलं लेकरू गंभीर आजारी पडलं की कुटुंबाला बहुधा जिल्हा ओलांडावा लागतो. कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात जातं, कुणी सोलापूर किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात, तर कुणी थेट पुण्या-मुंबईला. आई लेकराच्या उशाशी बसते आणि बाप औषधं, रक्त, कागदपत्रं यांच्यामागे फिरतो. या दिवसांत बापाची विडी वाढते, आईचं मशेरी लावणंही वाढतं. लेकराची फाईल रोज तपासली जाते, पण आईबापाच्या तंबाखूबद्दल कुणी विचारत नाही. कुणी विचारलंच, तर ते रागावण्यासाठी.

इथंच चुकतं. आईबापाची तंबाखू सुटणं हा लेकराच्या उपचाराचाच भाग आहे. ते रागावून होत नाही, मदत करून होतं. त्या मदतीच्या आड येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज 1: “आम्ही सिगारेट ओढत नाही, म्हणजे आमचा प्रश्नच नाही.”

वस्तुस्थिती: 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. धूर ओढणारे 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे मोठा वाटा चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा आणि मशेरीचा आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी त्याची सवय गेलेली नाही. म्हणून दवाखान्यात “सिगारेट ओढता का?” एवढंच विचारून भागत नाही. विडी, तंबाखू, गुटखा, मशेरी यांची नावं घेऊन विचारावं लागतं, आणि बापाइतकंच आईलाही.

गैरसमज 2: “माझ्या विडीमुळेच लेकराला हा आजार झाला. आता सोडून काय उपयोग?”

वस्तुस्थिती: बालपणीच्या बहुतेक कर्करोगांत एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही. आईवडिलांच्या धूम्रपानाचा काही आजारांशी संबंध आढळला आहे. यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा हा दुर्मिळ कर्करोग त्यांतलाच एक. पण एखाद्या लेकराला तो नेमका विडीमुळेच झाला, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. अपराधाच्या भावनेनं माणूस खचतो, आणि खचलेला माणूस पुन्हा विडीच पेटवतो. आजार कशानं झाला हे आता आपल्या हातात नाही. उपचार चालू असताना लेकराच्या छातीत काय जातं, हे मात्र आहे.

कर्करोगावरच्या केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेतू शकतो. तंबाखूचा धूर श्वासनलिका चिडवतो आणि छातीच्या संसर्गाचा धोका वाढवतो. शस्त्रक्रियेसाठी किंवा पाठीतून पाणी काढण्यासाठी लेकराला भूल द्यावी लागते. धुरात राहणाऱ्या लेकरांची श्वासनलिका भुलीच्या वेळी आकसण्याची शक्यता जास्त असते. दम्याच्या लेकरात झटके वाढतात, आणि हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या लेकरावरचा भारही. विडी आज थांबली, तर हे धोके आजपासून कमी होऊ लागतात.

गैरसमज 3: “मी ओट्यावर जाऊन ओढतो, घरात धूर येत नाही.”

वस्तुस्थिती: बाहेर ओढणं घरात ओढण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. शेवटचा झुरका सोडून आत आलं, तरी थोडा वेळ श्वासातून धुराचे कण येत राहतात. निकोटिन आणि इतर द्रव्यं सदरा, दाढी, हात, गोधडी यांवर बसतात, आणि त्याच हातांनी आपण लेकराला उचलतो. बाहेर ओढणाऱ्या पालकांच्या लेकरांच्या लघवीतही निकोटिनची खूण, म्हणजे कोटिनिन, सापडतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत तर आत-बाहेर असा फरकच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दुसऱ्याच्या धुराची ‘एवढा चालेल’ अशी सुरक्षित मात्रा नाही.

विडी पूर्ण सुटेपर्यंत एवढं तरी पाळा. घरात आणि गाडीत कुणीच ओढायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, सदरा बदलूनच लेकराजवळ जायचं. पण हा मधला टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

गैरसमज 4: “विडी पानाची असते, सिगारेटइतकी वाईट नाही.”

वस्तुस्थिती: तेंदूपत्त्यात गुंडाळली म्हणून तंबाखू बदलत नाही. विडीला फिल्टर नसतो. ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि निकोटिन भरपूर आत जातं.

गैरसमज 5: “मशेरीला कुठं धूर असतो? लेकराला तिचा काय त्रास?”

वस्तुस्थिती: मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आईच्या रक्तातलं निकोटिन गर्भापर्यंत पोचतं आणि दुधातही उतरतं. अंगावर पिणारं लेकरू असेल, तर दूध तोडू नका, मशेरी सोडा. मशेरीची डबी किंवा तंबाखूची पुडी रांगत्या लेकराच्या हाती लागली तर विषबाधा होऊ शकते. शिवाय दात दुखतात म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईला ती मशेरीच पुढं हिरड्यांचे रोग आणि तोंडाचा कर्करोग देऊ शकते. आजारी लेकराला आई हवी असते. आईचं आरोग्य सांभाळणं हीसुद्धा लेकराचीच सेवा आहे.

गैरसमज 6: “एवढ्या ताणात विडीच आधार देते. लेकरू बरं झालं की सोडू.”

वस्तुस्थिती: हा गैरसमज सगळ्यांत घट्ट आहे, आणि अनेक डॉक्टरही त्याला धरून असतात. विडी ओढल्यावर बरं वाटतं हे खरं. पण त्यामागचं कारण असं: निकोटिन काही तासांतच रक्तातून उतरतं, आणि जीव अस्वस्थ होतो, हात शिवशिवतात, चिडचिड होते. पुढची विडी ही तलफेची अस्वस्थता तेवढी घालवते. लेकराच्या आजाराची काळजी जिथल्या तिथं राहते. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झाल्याचं आढळलं. ताण आहे म्हणून थांबायला नको. ताण आहे म्हणूनच सोडायला हवी.

गैरसमज 7: “एकदम सोडली तर मीच आजारी पडेन. सकाळी पोटही साफ होत नाही.”

वस्तुस्थिती: तलफेचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. चिडचिड, झोप न लागणं, भूक वाढणं, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, पण ते धोक्याचे नसतात. निकोटिन आतड्यांना चाळवतं, म्हणून ते थांबल्यावर काही दिवस पोट जड वाटतं. भरपूर पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी आणि चालणं यांनी ते रुळावर येतं. एकेक तलफ साधारण पाच मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. सुपारी मात्र नको, कारण नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो.

गैरसमज 8: “मनाचा निश्चय असला की सुटते. नाही सुटली तर माणूस कच्चा.”

वस्तुस्थिती: निकोटिनचं व्यसन मेंदूत घर करतं. कुणाच्या मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्यांपैकी शंभरातले जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. निकोटिनच्या च्युइंगमसारख्या उपचारांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, आणि समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी वाढते. ते च्युइंगम चघळत राहायचं नसतं. हळू चावायचं, चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरायचं. आधीची पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. गरोदर बाईनं आणि हृदयरोग्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. एकदा सुटून पुन्हा लागली, तरी हरलो असं मानू नका. बहुतेकांची तंबाखू काही प्रयत्नांनंतरच कायमची सुटते.

गैरसमज 9: “आपली माणसं ऐकत नाहीत. सांगून काही उपयोग नाही.”

वस्तुस्थिती: याला धाराशिवनंच उत्तर दिलेलं आहे. 1987 मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीत बार्शीबरोबर आपल्या परंडा आणि भूम तालुक्यांतली गावंही होती. 1999 पासून धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात 1,31,746 महिला होत्या. ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांतल्या शंभरातल्या जवळपास ऐंशी जणी आल्या. लाज, भीती, घरचा विरोध असूनही आल्या, कारण कुणीतरी दारात जाऊन नीट समजावलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांचा उपयोग जगभर झाला. विडी-तंबाखूचंही तसंच आहे: नीट समजावलं, तर माणसं ऐकतात.

आणि धूर थांबला की मुलांना काय मिळतं, हे बाहेरचा अनुभव सांगतो. स्कॉटलंडमध्ये 2006 साली सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झालं. त्याआधी दम्यामुळे रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी सुमारे 5 टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दरवर्षी सुमारे 18 टक्क्यांनी घटली. मोठ्यांचा धूर थांबला की मुलांचे श्वास मोकळे होतात.

आता काय करायचं?

आईबापांनी लेकराच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगावं: “मी तंबाखू घेतो, मला सोडायची आहे.” पुढच्या आठवड्यातला एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशी घरातली पुडी, डबी, काडेपेटी बाहेर काढावी. विडी-सिगारेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक छापलेला असतो. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात समुपदेशन मिळतं. रोज 30 रुपयांची तंबाखू सुटली, तर वर्षाला 10,950 रुपये उरतात. दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं त्यातून निघेल.

डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंनी प्रत्येक भरतीच्या वेळी विचारावं, दोन मिनिटं सल्ला द्यावा आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारावं. रुग्णालयाच्या आवारात ओढणं 2008 च्या नियमांनुसार दंडनीय आहेच, पण नुसत्या दंडानं तलफ जात नाही.

आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनो, तुमच्याकडे एकच मागणं: लेकराच्या बापाला धीर द्यायला टपरीवर नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला घोटभर चहा द्या, आणि त्याची विडी सुटेपर्यंत त्याची साथ सोडू नका.